तायडे काकांचं बोलावणं

कुणी युद्धाला चला म्हणून बोलावलं, तर उत्तर द्यायच्या आधी चहा टाकावा. ही अक्कल मला तायडे काकांनी दिली. आता मला कोण बोलावणार युद्धाला? अकोल्याच्या जुन्या शहरात माझा कॉम्प्युटर क्लास, खाली किराणा, वर मी. पण बोलावत होते. दर रविवारी, जेवणं आटोपली की.

रविवारी क्लासला सुट्टी. त्या रिकाम्या मशीनवर आम्ही चौघं एक गेम खेळायचो. धडाधड गोळ्या झाडायचा नव्हे. बसून डोकं खाजवायचा. जुन्या काळच्या युरोपचा मोठा नकाशा, ज्याला त्याला एकेक राज्य, बाकीची मशीन चालवणार. राजा सांभाळा, कर गोळा करा, राजाच्या पोरींची लग्नं लावा, आणि त्या लग्नातून जे सोयरे मिळतील त्यांच्या जिवावर लढा. फ्रान्स डॉक्टर गुल्हानेंकडे. हे दातांचे डॉक्टर, तिशीतले, तोंडावरचा मास्क न काढताच बोलणारे, आणि शेजाऱ्याची जमीन दिसली की हात शिवशिवणारे. बोहेमिया शकूरभाईंकडे. त्यांचं उन्हाळ्यात कूलरचं दुकान, हिवाळ्यात रजयांचं; क्लासमधला कूलर त्यांनीच बसवलेला, म्हणून त्याच्यासमोरची खुर्ची त्यांची, यावर चर्चा नाही. पोलंड माझ्याकडे. पोलंडचं जे व्हायचं तेच होत होतं. आणि मधोमध चिमटीत सापडलेला बव्हेरिया, तो तायडे काकांचा.

या खेळातली खरी कटकट लढाई नाही, बोलावणं आहे. एखादा सोयरा लढाईत पडला की त्यानं बटण दाबायचं, मग तुमच्या पडद्यावर चौकट उघडते: अमुक राजा तुमची साथ मागतो आहे. खाली दोन पर्याय, येतो किंवा येत नाही. नाही म्हटलं की सोयरीक तुटते आणि चारचौघांत नाव खराब. येतो म्हटलं की दुसऱ्याच्या भांडणात आपली पोरं मरणार. डॉक्टर अशा वेळी आकडेमोड करत. शकूरभाई वरच्याचं नाव घेऊन ‘येतो’ दाबत. मी घाबरून दाबायची. तायडे काका चष्मा पुसत.

काका एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून रिटायर झाले होते. जन्मभर स्टँडवरच्या खोलीत बसून माईकवर गाड्या पुकारल्या. परतवाडा, धारणी, मोर्शी, सगळ्या. माईक सुटला पण आवाज काही सुटला नाही. डोक्याला दुपट्टा बांधलेला, एक पाय खुर्चीवर दुमडलेला, चष्म्याची दोरी कानामागं. चौकट उघडली रे उघडली की दोन्ही हात माऊसवरून उचलायचे आणि छातीतून आवाज काढायचे, “प्रवाशांनी लक्ष द्यावे. फ्रान्सहून निघालेले बोलावणे फलाट क्रमांक दोनवर लागलेले आहे. प्रवाशांनी घाई करू नये.” मग माझ्याकडं वळून हळूच, “बाई, चहा टाका.”

खेळ थांबायचा. म्हणजे थांबवावाच लागायचा. काकांशिवाय पुढं जायची कुणाची टाप नव्हती. चहा येईपर्यंत काका फक्त एक चौकशी करत, “कोन घुसलं? तुमी त्याच्या घरात, का तो तुमच्या?”

या चौकशीमागं त्यांचं अख्खं शास्त्र होतं. एकदा डॉक्टर चिडून म्हणाले, “काका, सोयरा म्हणजे सोयरा, एवढं काय विचारायचं?” तेव्हा ते त्यांनी उलगडून सांगितलं.

“हे पाहा डॉक्टर. तुमी दुसऱ्याच्या मुलखात घुसले, हे झालं लग्न. तुमची हौस. त्याची पत्रिका येते. पत्रिका आली त जा लागते, पन हाजरीपुरतं. अक्षदा टाकायच्या, जेवायचं, वापस. अन् तुमच्या मुलखात कोनी घुसलं, हे झाली मयत. मयतीची पत्रिका नसते. कानावर आलं का पायात चप्पल नसली तरी निंगायचं. आता सांगा, तुमचं काय हाये?”

“लग्न,” डॉक्टर ओशाळून म्हणाले.

“मंग येतो न. पन जेवून.”

आणि गेले की हो! बव्हेरियाचं सैन्य वाजतगाजत निघालं आणि डॉक्टर घुसले होते त्या मुलखाच्या वेशीपाशी जाऊन जे उभं राहिलं, ते तिथंच. आत डॉक्टरांची दाणादाण उडाली होती. डॉक्टर ओरडले, “काका, तुमचं सैन्य काय करून राहिलं तिथं?”

“अक्षदा टाकून राहिलं,” काका शांतपणे म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

ना सोयरीक तुटली, ना बव्हेरियाचा एक माणूस मेला. नंतर मी स्वतः पोलंडकडून हा प्रयोग केला, तर माझ्यावर रशियावाले आले. जाऊ द्या, प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट साधत नाही.

शकूरभाईंची मात्र गोष्ट वेगळी. काकांच्या राजाची पोरगी शकूरभाईंच्या राजपुत्राला दिलेली. देताना काकांनी जावयाची माहिती अगदी आत शिरून वाचली. गेममध्ये माणसाचे गुणदोष लिहिलेले असतात. हा शूर, हा कंजूष, हा दारुडा. काकांनी दोन रविवार लग्न अडवून धरलं. “जावई पेते असं लिवलं हाये इथं.” शकूरभाईंनी हात जोडले, “समधी, थोडी बहुत लेता है. शादी के बाद सुधर जाएगा.” शेवटी लग्न झालं, जावई काही सुधरला नाही, पण व्याही पक्के झाले. तेव्हापासून शकूरभाई काकांना समधी म्हणायचे आणि काका त्यांना इवाई. भर रस्त्यातसुद्धा! एकदा मोर्णा नदीच्या पुलाजवळच्या टपरीवर दोघं चहा पीत होते, आणि शकूरभाई मोठ्यानं म्हणाले, “समधी, तुमची पोरगी आमच्या घरी सुखात हाये, फिकर नका करू.” टपरीवाल्याच्या हातातलं भगोनं कलतं राहिलं. शकूरभाई गेल्यावर त्यानं काकांना बाजूला घेऊन विचारलं, “तायडे साहेब, तुमाले त एकच पोरगा हाये न? कॅनडात?” काकांनी त्याला बव्हेरियापासून समजावलं. तो म्हणाला, “असं का,” पण त्याला पटलं नाही ते नाहीच.

तर या इवायावर एका रविवारी तिकडून कुणीतरी चालून आलं. शकूरभाईंनी बटण दाबायला हात पुढं केला, तोवर काका उठून उभेसुद्धा राहिले होते. “चाला!” चहा नाही, चष्मा पुसणं नाही. होतं नव्हतं ते सगळं सैन्य बोहेमियाला धाडलं, खजिना रिकामा केला, राजधानीत पहाऱ्याला कुत्रं ठेवलं नाही. डॉक्टर कशाला सोडतात? त्यांनी मागच्या मागं राजधानी गिळली. मी म्हटलं, “काका, जाताना घराला निदान कुलूप तरी लावायचं!”

“मयतीले निंगतानी कुलूप शोधत नसतेत बाई,” ते म्हणाले. राजधानी गेल्याचं त्यांना काडीचं वाईट वाटलं नाही. बोहेमिया वाचला होता. सुमनकाकूंनी, म्हणजे काकांच्या बायकोनं, दिलेला चिवड्याचा डबा त्यांनी त्या दिवशी सगळाच्या सगळा शकूरभाईंपुढं सरकवला. काकू दर रविवारी डबा पाठवत आणि सोबत निरोप, “लढाई झाली का डबा वापस पाठवजा. मागचे दोन फ्रान्सकडे हायेत.”

आणि मग आली ती घोळाची लढाई. या वेळी डॉक्टर थेट उरल्यासुरल्या बव्हेरियावरच चालून गेले. चारी बाजूंनी. काकांनी आता बटण दाबून शकूरभाईंना बोलवायचं, एवढंच काम. शकूरभाई सैन्य सज्ज ठेवून, खुर्चीच्या टोकावर, कूलरची हवा सोडून बसलेले. काका मात्र हाताची घडी घालून पडद्याकडं बघत राहिले.

“समधी, बटन दाबा,” शकूरभाई म्हणाले.

काकांनी घडी आणखी आवळली.

“अरे समधी, बटन! किल्ला जाऊन राहिला!”

“मी काहून दाबू?” काका म्हणाले. “तुमाले दिसून नाही राहिलं का? मयतीची पत्रिका छापतेत का कोनी? यायचं असन त या.”

“अरे पन गेम येऊच नाही देत न मले! तुमी बोलावल्याबिगर दरवाजाच नाही उघडत!”

आम्ही तिघांनी जीव तोडून समजावलं. डॉक्टरसुद्धा, आपणच हल्ला केलाय हे विसरून, “काका, ते हिरवं बटण, ते, ते,” म्हणून बोट दाखवत होते. काका हलले नाहीत. बव्हेरिया गेला. सगळा. काकांनी दुपट्टा सोडला, परत बांधला आणि म्हणाले, “तुमच्या मशीनले रीतभात नाही बाई. दुकानदाराले वापस करा.” आम्ही पोट धरधरून हसलो. शकूरभाई हसले नाहीत. जिना उतरताना ते मला एवढंच म्हणाले, “मॅडम, मैं तो बैठा ही था.”

पुढच्या रविवारी नवा डाव मांडायचा होता, तर काका आले नाहीत. फोन केला तर तोच भारदस्त आवाज, “गाडी आज डेपोतच उभी राहील.” त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मला वाटलं, बव्हेरिया जिव्हारी लागला. म्हातारी माणसं रुसतात, आपण समजून घ्यावं. वर मी डॉक्टरांवर तोंडसुखही घेतलं. मग एक दिवस काकांच्या शेजारीण क्लासखालच्या किराण्यात भेटल्या. म्हणाल्या, तायड्यांच्या घराला कुलूप आहे, सुमनकाकू अमरावतीच्या दवाखान्यात आहेत. हृदयाचं मोठं ऑपरेशन. दवाखान्यानं रक्त देणारी माणसं आणायला सांगितली आहेत, ती जमली की तारीख. मुलगा कॅनडात, त्याला तिकीट मिळेना. काकांचं स्वतःचं वय रक्त द्यायचं नाही. तिथं एकटेच बसून आहेत.

मी जिना चढले का धावले, मला आठवत नाही. शकूरभाईंना फोन लावला. म्हटलं, आता एका मिनिटात हा माणूस गाडी काढणार. तर त्यांनी आधी दुकानातलं गिऱ्हाईक वाटेला लावलं. मग म्हणाले, “मले मालूम हाये. परवाच समजलं.”

“मग तुम्ही इथं काय करून राहिले?”

“समधीनं मले सांगतलं नाही, मॅडम. दुकानासमोरून गेले दवाखान्यात. समोरून! मी कोन हाये मंग? गेममधला समधी? बस, रविवारपुरता?” एवढा मोठा माणूस, आवाज रुसलेल्या पोरासारखा झाला.

मग काकांना फोन लावला. त्यांनी उचलला. मागं दवाखान्यातली घंटा, कुणाचं तरी नाव पुकारणं. मी चांगली झापली त्यांना. तर हे म्हणतात कसे, “शकूरले समजलं असन न? मंग आला काहून नाही? मी त वाट पाहून राहिलो.”

घ्या! अकोल्यात एक सैन्य सज्ज ठेवून बसलेला, अमरावतीत दुसरा हाताची घडी घालून, आणि मध्ये ती बाई पलंगावर. कपाळावर हात मारला मी. परत शकूरभाईंना लावला, काकांचं शास्त्र जसंच्या तसं ऐकवलं, की मयतीला बोलावणं नसतं, कानावर आलं की निघायचं. हे ऐकताच शकूरभाई असे भडकले की मी फोन कानापासून लांब धरला.

“मयतीले नसते बोलावणं, कबूल! पन मयत झाली कुठी? वहिनी जित्ती हाये, मॅडम! जित्त्या मानसासाठी आवाज द्या लागते! मेल्यावर त सारं गाव येते, त्यात काय मोठं? सांगा तुमच्या काकाले, असंच सांगा!”

असंच सांगितलं. एक अक्षर इकडं तिकडं केलं नाही. काका फोनवर नुसतं “बरं” म्हणाले आणि ठेवून दिला. मला वाटलं, मी बोलून घाण केली. रडूच आलं मला. चहा टाकला आणि तो तसाच गार होऊ दिला.

संध्याकाळ व्हायच्या आत आमच्या चौघांच्या ग्रुपवर काकांचा आवाज आला. बोलून पाठवलेला निरोप. सुरुवात अगदी स्टँडवरची. “प्रवाशांनी लक्ष द्यावे.” मग खाकरले. “अमरावतीच्या दवाखान्यासाठी... रक्त द्यायले मानसं पाह्यजेत. तायडेच्या घरच्यासाठी.” मग मध्ये नुसता श्वास. मग माईकवरचा नव्हे, असा एक आवाज, जो मी कधी ऐकला नव्हता, “इवाई, मले काही सुधरून नाही राहिलं. या.”

शकूरभाईंनी कूलर पोचवायची गाडी काढली. त्यांचे दोन पुतणे, दुकानातले कारागीर, डॉक्टर, डॉक्टरांचा कंपाउंडर, मोर्णेच्या पुलावरचा तो टपरीवाला, शेजारणीचा जावई, आणि मी. कुणी कुणाला विचारलं नाही की तू कसा काय. भर उन्हात, कूलरच्या रिकाम्या सांगाड्यांवर बसून आम्ही अमरावती गाठली. वाटेत डॉक्टरांनी एकच वाक्य उच्चारलं, “बव्हेरिया मी परत देऊन टाकतो.” शकूरभाई म्हणाले, “चूप बसा, डॉक्टर.”

पुढचं सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. काकूंचं ऑपरेशन चांगलं झालं. मुलगा आला, दोघांना तिथूनच आधी मोर्शीला काकूंच्या माहेरी आणि मग सोबत कॅनडाला घेऊन गेला. अकोल्याला काका परत आलेच नाहीत. त्यामुळं त्या दिवशी दवाखान्यात पाहिले, तेच माझ्या डोळ्यांपुढं राहिलेले तायडे काका.

ते दवाखान्याच्या पायरीवर उभे होते. दुपट्टा नव्हता. दुपट्ट्याशिवाय मी त्यांना पहिल्यांदा बघत होते, डोकं एवढंसं दिसत होतं. गाडीतून एकामागं एक माणूस उतरायला लागला तसा त्यांचा चेहरा गोंधळला. “एवढे कोन बोलावले? मी त तुमाले म्हटलं होतं.”

“तुमी मले बोलावलं, मी माह्या सोयऱ्यायले बोलावलं,” शकूरभाई म्हणाले. “नियम हाये न समधी?”

काका तडक कामाला लागले. माणसांची रांग लावली, कुणी काय खाऊन आलंय ते विचारलं, उपाशी निघालेल्या टपरीवाल्याला दामटून बिस्किटं खायला लावली. एकेकाला नावानं पुकारून आत सोडू लागले. शकूरभाई आत पलंगावर आडवे झाले, हातात तो दाबायचा चेंडू. काका शेजारी जाऊन उभे राहिले. मी दारात होते.

“दाबलं न शेवटी बटन?” शकूरभाई छताकडं बघत म्हणाले.

“दाबलं,” काका म्हणाले.

शकूरभाईंनी मोकळ्या हातानं त्यांचं मनगट धरलं आणि सुई निघेपर्यंत सोडलं नाही. नर्सबाई म्हणाल्या, कोण तुमचे हे? काका म्हणाले, “इवाई.” नर्सबाईंनी दोघांची नावं कागदावर वाचली, वर बघितलं, आणि पुढं काही विचारलं नाही.

निघताना काका गाडीपर्यंत आले. काकूंनी आतून निरोप दिला होता, डॉक्टरांकडचे दोन डबे अजून आले नाहीत म्हणून. डॉक्टर मान खाली घालून हसले. गाडी सुरू झाली. शकूरभाई खिडकीतून म्हणाले, “समधी, आता फोनची वाट नाही पाहत. उद्या मी असाच येतो.”

काकांनी खिडकीवर हात ठेवला आणि मान हलवली.

“नाही. तुमी थांबा,” ते म्हणाले. “मी बोलावतो. आता जमते मले.”